कानांची विद्या : विद्यापीठांतील ध्वनिशास्त्राचा पूर्वेतिहास

विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे नवे विषय दाखल झाले, त्यांत ध्वनिशास्त्राइतके चमत्कारिक प्राक्तन घेऊन आलेला विषय क्वचितच सापडेल. कारण माणसाच्या मुखातून निघणाऱ्या ध्वनींचे पृथक्करण ज्या देशात ख्रिस्तपूर्व काळातच इतक्या काटेकोरपणे झाले, की त्याच्या तोडीचे काम युरोपास एकोणिसाव्या शतकापर्यंत साधले नाही, त्याच देशातील विद्यापीठांत हा विषय लंडन आणि पॅरिसची वारी करून, तेथील प्रयोगशाळांची सनद हाती घेऊन परत आला. या प्रवासाची हकीकत सांगताना ग्रंथनामांची आणि सनावळ्यांची जंत्री सहज देता येईल. परंतु त्या जंत्रीच्या आतून एक सूत्र सलग धावते आणि तेच अधिक मोलाचे आहे. ध्वनींचा अभ्यास प्रथम झाला तो मंत्र बिघडू नये म्हणून. पुढे झाला तो माणसाचे बोलणे सुधारावे म्हणून. आणि माणूस जसा बोलतो तसाच तो ऐकून घ्यावा, त्याच्या उच्चाराला बरे किंवा वाईट न म्हणता त्याची नोंद करावी, ही बुद्धी या शास्त्रास सर्वांत शेवटी सुचली.

सहा वेदांगांत शिक्षा हे एक स्वतंत्र अंग. तैत्तिरीय उपनिषदाच्या आरंभी तिचे विषय गणले आहेत ते वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान असे सहा. म्हणजे कोणता ध्वनी, कोणत्या उंचीवर, किती काळ, किती जोराने, कशा समतेने आणि शेजारच्या ध्वनीशी कसा जोडून उच्चारावा, हा सारा विचार त्या प्राचीन आचार्यांनी एका लहानशा यादीत बांधून ठेवला होता. अक्षराचा उच्चार चुकला तर केवळ कर्णकटुता येते असे नव्हे, तर यजमानाचा नाश होतो, अशी त्यांची श्रद्धा असल्याने या काटेकोरपणाला जीवनमरणाचे गांभीर्य होते. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने उच्चारलेल्या शब्दातील स्वराघात एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकला आणि अर्थ उलटून तो पुत्रच इंद्राच्या हातून मारला गेला, ही कथा शिक्षाग्रंथांत आणि महाभाष्यात येते ती याच गांभीर्याचा दाखला म्हणून. संहितापाठाच्या जोडीला पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पाठांच्या योजना झाल्या त्याही याच धास्तीपोटी, आणि पुणे-वाई-नाशिकच्या वेदपाठशाळांत त्या आजतागायत चालत आल्या आहेत. त्या योजनांत शब्द सुटे केले जातात, पुन्हा जोडले जातात, उलटसुलट क्रमाने म्हटले जातात, आणि या घुसळणीत संधीचा प्रत्येक नियम शिष्याच्या जिभेवर इतका ठसतो, की चुकीला आत शिरण्यास वावच उरत नाही.

या धास्तीतून जे ज्ञान निपजले ते मात्र धास्तीच्या मर्यादेत राहिले नाही. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ यांनी कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ ही स्थाने आणि जिभेचे वेगवेगळे प्रयत्न यांची मांडणी केली, आणि ‘क’पासून ‘म’पर्यंतचे पंचवीस स्पर्शवर्ण आपल्या मुलांना ज्या पाच ओळींत आपण शिकवतो त्या ओळी म्हणजे वस्तुतः या मांडणीचाच तक्ता होय. याहूनही आश्चर्याची गोष्ट घोष आणि अघोष वर्णांच्या भेदाची. कंठ संवृत असता नाद निघतो, विवृत असता केवळ श्वास निघतो आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार उत्पन्न होतो, हे तैत्तिरीय प्रातिशाख्याने सांगून ठेवले, तेही कोणतेही उपकरण हाती नसताना, निव्वळ स्वतःच्या गळ्याकडे लक्ष देऊन. युरोपातील व्याकरणकार त्यानंतर कित्येक शतके ‘प’ आणि ‘ब’ यांतील फरकाला कठोर-मृदू अशी मोघम विशेषणेच लावत राहिले. लंडनमध्ये गायन शिकवणाऱ्या मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गवयाने दंतवैद्याच्या छोट्या आरशातून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहून ती १८५५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली, तेव्हा कोठे ही गोष्ट युरोपाच्या डोळ्यांना दिसली.

एवढे असूनही या विद्येचा कान एकाच दिशेस लागलेला होता हे मान्य केले पाहिजे. पाणिनीय शिक्षेत सौराष्ट्रातील स्त्री ताकाचे नाव कसे अनुनासिक उच्चारते याचा उल्लेख येतो, आणि कोणा सामान्य स्त्रीचा जिताजागता आवाज त्या ग्रंथात उमटलेला पाहून वाचक क्षणभर चकित होतो. परंतु तो आवाज तेथे आला आहे तो मंत्रातील अनुनासिकाचा नमुना म्हणून, त्या स्त्रीच्या भाषेचा विचार करण्यासाठी नव्हे. वाघीण आपली पिल्ले दातांत धरून नेते तेव्हा ती खाली पडणार नाहीत आणि त्यांना दातही लागणार नाहीत अशी जी काळजी घेते, ती काळजी वर्ण उच्चारताना घ्यावी, असा त्या शिक्षेचा उपदेश आहे. तो उपदेश रक्षणाचा आहे. आणि रक्षण करणाऱ्याचे लक्ष आपल्या ठेव्यावर असते, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बोलण्यावर नसते.

हे ज्ञान युरोपात पोचले ते कंपनी सरकारच्या अंमलात. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर विल्यम जोन्स यांनी १७८८ मध्ये पौर्वात्य शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत याविषयी निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा वर्णांच्या शास्त्रशुद्ध मांडणीसाठी त्यांना देवनागरीकडेच पाहावे लागले. पुढे माक्स म्युलर यांनी ऋक्प्रातिशाख्य जर्मनीत छापले आणि येल येथील विल्यम व्हिटनी यांनी अथर्वप्रातिशाख्य १८६२ मध्ये इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केले. आणि अक्षराचा विचार हा लिपीचा विचार नसून मुखाच्या व्यापाराचा विचार आहे, ही गोष्ट ग्रीक-लॅटिनच्या परंपरेत वाढलेल्या पंडितांच्या मनात हळूहळू रुजली. अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी जिभेची आणि ओठांची ठेवणच चित्रित करणारी एक नवी लिपी १८६७ मध्ये जाहीर केली. हेन्री स्वीट यांचा ध्वनिशास्त्रावरील पाठ्यग्रंथ १८७७ मध्ये ऑक्सफर्डहून निघाला. आणि १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने परकीय भाषा शिकवणाऱ्या मास्तरांची एक संस्था स्थापन झाली, तिनेच दोन वर्षांनी त्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला, जी आज जगातील प्रत्येक विद्यापीठात या विषयाचा पहिला धडा झाली आहे. त्या लिपीच्या तक्त्यात व्यंजने उच्चारस्थान आणि प्रयत्न यांच्या रांगांनी मांडलेली असतात. आपल्या वर्णमालेत वाढलेल्या विद्यार्थ्याला तो तक्ता प्रथम पाहताच ओळखीचा वाटतो, आणि तसा वाटावा यात नवल नाही.

विद्यापीठात हा विषय उभा राहिला तो दोन वेगळ्या प्रकृतींच्या गुरूंमुळे. त्यांतील पहिले पॅरिसचे आबे रूसलो. हे कॅथलिक धर्मगुरू, पण त्यांचे चित्त यंत्रात रमले होते. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेतील कायमोग्राफ हे यंत्र त्यांनी ध्वनींच्या अभ्यासाला जुंपले : काजळी धरलेला कागद गुंडाळलेले एक नळकांडे घड्याळाच्या चावीवर फिरत असते, बोलणारा रबरी नळीच्या तोंडाशी शब्द उच्चारतो, त्याच्या श्वासाच्या दाबाने एक ताणलेला पडदा थरथरतो आणि त्या पडद्याला जोडलेली सुई काजळीवर पांढरी रेघ ओढीत जाते, त्या रेघेत नाद असेल तर कंप दिसतो, महाप्राण असेल तर श्वासाचा उसळलेला झोत दिसतो. त्याच्या जोडीला कृत्रिम टाळू असे. तिच्यावर पूड पसरून ती तोंडात बसवायची, एकच व्यंजन उच्चारायचे, आणि जिभेने पूड कोठे पुसली ते बाहेर काढून पाहायचे. १८९७ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये रूसलो यांची प्रयोगशाळा सुरू झाली. पण या सगळ्या यंत्रांपेक्षा मला त्यांचा १८९१ चा प्रबंध अधिक लक्षणीय वाटतो. कारण त्यात त्यांनी अभ्यासास घेतली ती कोणा अकादमीची शुद्ध फ्रेंच नव्हे, तर सेलफ्रुआँ या खेड्यातील, स्वतःच्याच कुटुंबाची ग्राम्य बोली, आणि एकाच घरातील पिढ्यांच्या तोंडी तिचे ध्वनी कसे बदलत गेले हे त्यांनी दाखवले. ज्या बोलीला शाळामास्तर हातावर छडी मारून घालवीत, तिला पॅरिसच्या विद्वत्सभेत आसन मिळाले.

दुसरे गुरू लंडनचे डॅनिएल जोन्स. हे केंब्रिजमध्ये गणित शिकले, वकिलीची परीक्षा उतरले, आणि अखेर पासी यांच्याकडे पॅरिसला जाऊन ध्वनिशास्त्राचे प्रमाणपत्र मिळवून १९०७ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवू लागले; १९१२ मध्ये तेथे ध्वनिशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९२१ मध्ये ते या विषयाचे ब्रिटनमधील पहिले प्राध्यापक झाले. जोन्स यांचा भर यंत्रापेक्षा कानावर होता. त्यांच्या वर्गात निरर्थक शब्दांचे श्रुतलेखन चाले. गुरू कोणत्याच भाषेत नसलेला एखादा शब्द उच्चारीत आणि शिष्यांनी तो ऐकून ध्वनिलिपीत उतरवायचा, म्हणजे अर्थाचा आधार तुटल्यामुळे कानाला ध्वनीखेरीज दुसरे काही धरता येत नसे. स्वरांच्या मोजमापासाठी त्यांनी आठ मानस्वरांची योजना केली. जीभ तोंडात जितकी पुढे आणि वर नेता येईल तेथे एक स्वर, जितकी मागे आणि खाली दाबता येईल तेथे दुसरा, आणि उरलेले या दोहोंच्या दरम्यान समान अंतरांवर. हे आठ स्वर कोणत्याही भाषेचे नव्हेत, पण कोणत्याही भाषेचा स्वर यांच्या संदर्भाने सांगता येतो. ते पुस्तकावरून शिकता येत नाहीत, ज्याला येतात त्याच्याकडून ऐकूनच घ्यावे लागतात, असे जोन्स आग्रहाने सांगत. त्यांनी ते स्वतः ग्रामोफोनवर मुद्रितही करून ठेवले. अत्याधुनिक म्हणून गणल्या गेलेल्या या शास्त्राची दीक्षा शेवटी मुखातून कानात अशी गुरुपरंपरेनेच द्यावी लागली, ही गोष्ट आपल्या वेदपाठशाळांतील गुरुजींना मुळीच नवी वाटली नसती.

जोन्स यांच्या या कानाची कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय जनतेच्या राजकीय संस्थेचे चिटणीस सॉलोमन प्लाटजे हे ब्रिटिश सरकारकडे जमिनीच्या कायद्याची दाद मागण्यासाठी लंडनला आलेले होते, आणि त्यांची मातृभाषा सेत्स्वाना. जोन्स यांनी त्यांना वर्गात निवेदक म्हणून बसवून घेतले, त्यांच्याच सहकार्याने १९१६ मध्ये त्या भाषेचे ध्वनिलिपीतील वाचन-पुस्तक सिद्ध केले, आणि पाद्र्यांच्या रोमन लेखनात कोठेच न उमटलेले त्या भाषेतील स्वरांचे चढ-उतार अर्थ बदलतात हे ओळखले. पुस्तकावर दोघांची नावे आहेत. साम्राज्याच्या ऐन भरात, साम्राज्याच्या राजधानीत, एका प्राध्यापकाने प्रजाजनाच्या तोंडाकडे इतक्या लक्षपूर्वक पाहिले हे विसरण्याजोगे नव्हे.

परंतु याच जोन्स यांचा १९१७ चा इंग्रजी उच्चारकोश जगभर गेला तो मात्र निराळ्याच भूमिकेत. त्यात नोंदवलेला उच्चार दक्षिण इंग्लंडमधील, मोठ्या निवासी शाळांत मुले धाडणाऱ्या कुटुंबांचा होता; हा उच्चार सर्वांनी करावा असा आपला आग्रह नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले होते, तरी कोशाचा वापर करणाऱ्यांनी त्याला फर्मानच मानले. ध्वनिशास्त्र म्हणजे बोलणे सुधारण्याची विद्या ही समजूत लोकांत किती खोल होती हे बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावरून दिसते. १९१३ मध्ये प्रथम व्हिएन्नात आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा नायक ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक आहे, त्याच्या घरी स्वरांची यंत्रे आहेत, आणि फुले विकणाऱ्या मुलीचे उच्चार बदलून तिला उमरावांच्या मेजवानीत खपवण्याची तो पैज मारतो. पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ या रूपाने मराठीत आणले आणि भक्ती बर्वे यांनी ते गाजवले, तेव्हा मराठी प्रेक्षक पोट धरून हसला खरा. पण हसता हसता त्याला हेही कळले, की प्रमाण मराठीच्या उंबरठ्यावर अडवल्या जाणाऱ्या मुली काही लंडनमध्येच राहत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. आणि १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली तेव्हा संस्कृतापासून प्राकृत, अपभ्रंश आणि अर्वाचीन भाषांपर्यंत ध्वनी कसे झिजत, बदलत आले याचे विवेचन प्रथमच एतद्देशीय पंडिताने आधुनिक पद्धतीने केले. लायप्झिग येथे शिकून आलेले पांडुरंग दामोदर गुणे यांनी १९१८ मध्ये तुलनात्मक भाषाशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. इकडे दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या शास्त्रीय व्याकरणापर्यंत मराठी व्याकरणविचाराची मोठी परंपरा उभी राहिली होती. हे सारे कार्य थोरच. पण त्याचा मुख्य आधार लिखित अक्षर हा होता. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या सातव्या, १९०५ मध्ये निघालेल्या मराठीच्या खंडात बोलींचे नमुने सापडतात, ते बहुतांशी बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेची जागोजागची भाषांतरे आहेत. ती सरकारी यंत्रणेमार्फत जमवली गेली, आणि कागदावर उतरलेली बोली हा कारकुनाच्या कानातून गाळून आलेला माल असल्याने तिच्या ध्वनींविषयी भरवसा धरणे कठीण. ही उणीव पुढे त्या पाहणीच्या ग्रामोफोन तबकड्यांनी काही अंशी भरून काढली.

कान तयार करून घेण्यासाठी भारतीय विद्यार्थी समुद्रपार जाऊ लागले ते साधारण पहिल्या महायुद्धानंतर. सुनीतिकुमार चतर्जी १९१९ मध्ये लंडनला गेले, जोन्स यांच्याकडे ध्वनिशास्त्र शिकले, नंतर पॅरिसमध्ये ज्यूल ब्लॉक यांच्याकडे बसले, आणि बंगाली भाषेच्या उत्पत्ति-विकासावरील त्यांचा प्रचंड ग्रंथ १९२६ मध्ये कलकत्त्याहून निघाला. सिद्धेश्वर वर्मा यांनी तर चक्र पूर्ण फिरवले : लंडनमध्ये आधुनिक ध्वनिशास्त्र शिकून त्यांनी त्या कसोटीवर आपल्याच शिक्षा-प्रातिशाख्यकारांची निरीक्षणे पारखली आणि तो ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. उलट दिशेनेही येजा चालू होती. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९१९ ते १९२८ इंग्रजीचे प्राध्यापक असलेले जे. आर. फर्थ परत गेले आणि १९४४ मध्ये लंडन विद्यापीठात सामान्य भाषाशास्त्राचे ब्रिटनमधील पहिले प्राध्यापक झाले; प्राचीन भारतीय वैयाकरणांविषयीचा आदर त्यांच्या लेखनात ठायी ठायी दिसतो, आणि प्राचीन भारतातील ध्वनिविचारावर डब्ल्यू. एस. ॲलन यांनी लिहिलेला १९५३ चा ग्रंथ याच परिसरात निपजला.

मराठीच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे घर पॅरिसचे. मराठी भाषेच्या घडणीचा शास्त्रीय इतिहास प्रथम लिहिला गेला तो फ्रेंचमध्ये, ज्यूल ब्लॉक यांच्या हातून. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ पुढे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मराठीत आणला. याच ब्लॉक यांचे शिष्य नारायण गोविंद कालेलकर, आणि त्यांचे ‘ध्वनिविचार’ हे १९५५ चे पुस्तक म्हणजे या शास्त्राची मराठी वाचकाला मराठीतून झालेली पहिली नेटकी ओळख. कालेलकरांच्या गद्याचा विशेष असा, की ते कोठेही पांडित्याचा दरारा घालत नाहीत. लिपी वेगळी, ध्वनी वेगळा, आणि भाषा म्हणजे मुखातला व्यवहार, ही गोष्ट ते इतक्या शांतपणे सांगतात की वाचकाची शालेय समजूत मोडून पडते आणि त्याला आपण दुखावले गेल्याचा भासही होत नाही.

या नव्या विद्येला आपल्याकडे घर मिळाले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि त्या घराची कैफियतही ऐकण्यासारखी आहे. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली, तिचेच रूपांतर होत होत १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले. सरकारने १९३४ मध्ये ते बंद केले, आणि माजी विद्यार्थ्यांनी नेटाने केलेल्या खटपटीमुळे १९३९ मध्ये ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. लंडनहून शिकून आलेले सुमित्र मंगेश कत्रे तेथे भारत-युरोपीय भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढे दीर्घकाळ संचालक राहिले. १९५४ च्या सुमारास रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने त्यांनी भाषाशास्त्राची सत्रे भरवण्यास सुरुवात केली. देशाच्या नाना प्रांतांतील तरुण अध्यापक काही आठवडे एकत्र राहत, परदेशी आणि देशी अध्यापकांकडून ध्वनिलेखन शिकत, आणि दुसऱ्याच्या मातृभाषेचे ध्वनी टिपण्याचा सराव करीत. तामिळ बोलणाऱ्याने मराठी माणसाच्या तोंडचा महाप्राण टिपावा आणि मराठी माणसाने बंगाल्याच्या तोंडचा वर्तुळाकार ‘अ’ टिपावा, अशा त्या मजलिशींतून भारतातील भाषाशास्त्राची एक संपूर्ण पिढी घडली. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठास मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध सादर केला आणि नंतर याच डेक्कन कॉलेजात अध्यापन केले.

विद्यार्थी या वर्गात आला की त्याच्या कोणत्या समजुतींना प्रथम धक्का बसतो, हेही सांगितले पाहिजे. मराठी जशी लिहिली जाते तशीच बोलली जाते, असे बालपणापासून ऐकून तो आलेला असतो. मग त्याला कळते की आपण ‘कमल’ लिहितो आणि शेवटचा अकार गिळून टाकतो; ‘श’ आणि ‘ष’ हे दोन वर्ण लिहितो आणि बहुतेक एकाच ध्वनीवर भागवतो; ‘ज्ञ’ आपल्या तोंडी ‘द्न्य’ असतो आणि हिंदी भाषकाच्या तोंडी ‘ग्य’. ‘जग’ या दोन अक्षरांचा अर्थ विश्व असा असेल तर जीभ तालूला लागते, आणि ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप असेल तर ती दातांच्या मुळाशी सरकते. थोडेसे या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ यांतही हाच भेद. लिपीने ज्यांना एकच चिन्ह दिले ते मराठीचे दोन स्वतंत्र स्वनिम, म्हणजे अर्थभेद करणारे ध्वनी, आहेत. आणि ‘माझा’मध्ये दंतमूलाशी असलेला ध्वनी ‘माझी’ म्हणताच ईकाराच्या ओढीने तालूकडे जातो, हे बदलही नियमाने बांधलेले आहेत. हे नियम कोणी त्याला शिकवलेले नसतात. तो ते तीन-चार वर्षांचा असल्यापासून बिनचूक पाळत आलेला असतो. आपल्याच मुखात इतकी शिस्त आजवर आपल्या नकळत नांदत होती, या जाणिवेचा आनंद ज्याने अनुभवला त्याला हा विषय पुढे कधी रुक्ष वाटत नाही.

दुर्दैवाने महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना हा आनंद मिळत नाही, कारण त्यांची ध्वनिशास्त्राशी गाठ पडते ती मराठीच्या नव्हे तर इंग्रजीच्या वर्गात. १९५८ मध्ये हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनासाठी मध्यवर्ती संस्था निघाली, तेथे तयार झालेल्या अध्यापकांमार्फत आणि पाठ्यपुस्तकांमार्फत हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमांत उतरला. आणि सोलापूर-नांदेडकडचा विद्यार्थी प्रमाण ब्रिटिश इंग्रजीतील वीस स्वर आणि चोवीस व्यंजने अशा चव्वेचाळीस ध्वनींची यादी पाठ करून परीक्षा उतरू लागला. त्या ध्वनींपैकी अनेक त्याने आयुष्यात कोणाच्याही तोंडून प्रत्यक्ष ऐकलेले नसतात. जी विद्या कानाची, ती त्याने डोळ्यांनी शिकायची आणि हाताने लिहून काढायची, असा हा मामला आहे. आता यंत्राची अडचणही उरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोग्राफ सिद्ध झाला तेव्हा तो मोजक्याच विद्यापीठांना परवडत होता, आणि आज ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी तयार केलेली ‘प्रात’ ही संगणकप्रणाली कोणालाही फुकट मिळते आणि उच्चाराची कंपचित्रे क्षणात पडद्यावर मांडते. अर्थात त्या चित्रात काय पाहायचे हे ठरवण्यास ऐकलेला कान लागतोच.

खरे पाहता मराठी बोली ऐकण्याचे काम आपल्याकडे सुरू झाले होते आणि ज्या मंडळाच्या आश्रयाखाली ते झाले त्याचे नाव येथे घेणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्येच साहित्य-संस्कृती मंडळ निर्माण झाले. त्याचे अध्यक्ष वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. या मंडळाने अमृत माधव घाटगे यांची मराठी बोलींची पाहणी छापण्यास घेतली. १९६३ मध्ये दक्षिण कानडातील कोंकणी, १९६५ मध्ये कुडाळी, आणि पुढे कासरगोडची मराठी, ठाण्याची वारली असे खंड एकामागून एक निघाले. प्रत्येकात निवेदकाच्या तोंडून ऐकलेले ध्वनी, त्यांची व्यवस्था, व्याकरण, संभाषणे आणि शब्दसंग्रह असा तपशील आहे. प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या एका संस्कृत पंडिताच्या अध्यक्षतेखाली, शासनाच्या खर्चाने, डोंगरातल्या वारल्याचे बोलणे जसेच्या तसे ध्वनिलिपीत उतरून छापले जावे, यात मला आपल्या ध्वनिविद्येचा दोन हजार वर्षांचा प्रवास पुरा झालेला दिसतो.

तो प्रवास ग्रंथालयात पुरा झाला. वर्गात मात्र तो अद्याप व्हायचा आहे. वऱ्हाडातला मुलगा ‘शाळा’ न म्हणता ‘शाया’ म्हणतो, दुसऱ्या कोणाच्या तोंडी ‘पाणी’चे ‘पानी’ होते, आणि शिक्षक त्यास अशुद्ध म्हणून बसवतात. त्याच्या ‘ळ’चा ‘य’ सर्वत्र नियमाने होतो, तो नियम त्याच्या आजीच्याही बोलण्यात होता, आणि म्हणून ती चूक नसून व्यवस्था आहे, हे सांगण्यास त्या शिक्षकापाशी ज्ञान नसते, कारण ते देणारा विषय त्यांच्या प्रशिक्षणात कधी आलाच नाही. प्रमाण उच्चार शिकवूच नये असे कोणी म्हणणार नाही. अधिक लोकांशी व्यवहार करण्याची ती सोय आहे आणि ती प्रत्येक मुलाला मिळालीच पाहिजे. पण सोय म्हणून शिकवणे आणि शुद्धी म्हणून शिकवणे यांत मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामाचे मोठे अंतर आहे. मंत्ररक्षकांनी कान किती सूक्ष्म होऊ शकतो हे दाखवले आणि रूसलो, जोन्स, घाटगे यांनी तो कोणाकडे वळवावा हे दाखवले. आता शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून पदवीपूर्वी आपल्याच तालुक्यातील एका माणसाचे तासभर बोलणे ऐकून ध्वनिलिपीत उतरवून घेण्याचा एक साधा नियम विद्यापीठांनी केला, तर चव्वेचाळीस परकीय ध्वनींच्या पाठांतरापेक्षा त्याचा लाभ कितीतरी अधिक होईल, आणि त्यासाठी नवी इमारत, नवे अनुदान किंवा नवा सरकारी ठराव यांपैकी कशाचीही गरज पडणार नाही.